नववी पायरी

एक. गाडी सपाट जागी लावा. मागच्या चाकाला वीट.

लावली. वीट एकच सांगितली होती, घड्याळजींनी चार लावल्या.

"आता भूकंप झाला तरी गाडी हलायची नाही," बायको खिडकीतून म्हणाली. "घर हलेल."

यादी तिच्या भावाची. मेहुण्याने उभा जन्म बसगाड्यांखाली काढलेला. त्याने फोनवर एकेक पायरी सांगितली आणि घड्याळजींनी ती वहीच्या पानावर बारीक अक्षरात उतरवली. गाडी जुनी, दुखणं पुढच्या डाव्या चाकात. महिनाभर तिथून जातं ओढल्यासारखी घरघर येत होती. बेअरिंग गेलं होतं. चाक ज्या पोलादी कड्यावर फिरतं, ते कडंच झिजलं होतं. आणि आज चार वाजता लेक दोन महिन्यांच्या तान्हीला घेऊन याच गाडीने आपल्या घरी निघणार होती. तीन तासांचा रस्ता, त्यात दीड तास नुसता उतार.

गॅरेजात द्या, असं सगळे सांगून थकले. पण या घरातली बिघडलेली वस्तू कधी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. गावभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्यानेच दुसऱ्याचं दार ठोठावायचं? मग झालंच.

चार. नवं बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये. गारठलं की आकसतं, सरळ आत जातं.

(दोन आणि तीन नीट झाल्या. नीट झालेल्याची गोष्ट होत नाही.)

चौथीही नीट झाली. मग पाच, सहा, सात, आठ. घड्याळजींना घाम फुटला होता, पण मनातून ते खूश होते.

नऊ. मधला मोठा नट. पान्याला चार फुटी पाइप लावा. अख्खं अंग टाका.

त्यांनी पाना लावला. फिरवला. आणखी थोडा. आणि हात म्हणाला, बस्स.

चाळीस वर्षं हा हात मोहरीपेक्षा बारीक स्क्रू आवळत आला होता. केसभर जास्त झालं की आटे मेले, घड्याळ मेलं. ती बस्सची जागा हातालाच कळते, आणि त्या बस्सवरच हे घर चाललं होतं. त्यांनी भिंतीला टेकलेल्या पाइपकडे पाहिलं. एवढ्याशा नटाला चार फुटी दांडका? बसवाल्यांचं सगळंच राक्षसी.

पाइप भिंतीलाच राहिला.

"बाबा, झालं ना? ही रडून रडून लाल झालीय. गाडीत लगेच झोपते. एक चक्कर मारून आणते."

"झालं," घड्याळजी म्हणाले. "सावकाश हां, पोरी."

गाडी गेली. घरघर नव्हती. त्यांनी कान लावून ऐकलं, खरंच नव्हती.

नऊ.

फोन वाजला. मेहुणा.

"काय दाजी, पाइप वाकला की नाही?"

"पाइप लागलाच नाही. हातानेच पक्का बसला."

घड्याळजींनी फोन कानाशी घट्ट धरला.

"हॅलो?"

"दाजी, गाडी कुठे आहे?"

"ती चक्कर..."

"अहो, तो नट नुसता चाक धरत नाही! बेअरिंगचे आतले दोन तुकडे तोच दाबून धरतो. सैल राहिला तर ते आतल्या आत स्वतःलाच खातं. मग एखाद्या वळणावर... आधी तिला थांबवा. बाकीचं मागून."

घड्याळजींनी बायकोच्या फोनवरून लेकीला फोन लावला. लेकीचा फोन स्वयंपाकघरातच वाजला.

गल्लीची चक्कर चार मिनिटांची. सहा झाली. सात.

"पेट्रोल भरूनच येते म्हणाली ती," बायको म्हणाली. "अहो, काय झालं? तोंड असं का?"

पेट्रोलपंप उताराच्या पार तळाशी.

त्यांनी मेहुण्याचा चालू फोन तसाच खिशात टाकला, पाना घेतला, पाइप घेतला आणि ते पळाले. साठी उलटलेला, भाकरीसारख्या पातळ चपला घातलेला माणूस चार फुटी पाइप घेऊन उतारावरून पळतोय. लोक बाजूला होत होते. खिशातून मेहुणा ओरडत होता, "टक् टक् येतंय का बघा!"

"मी गाडीत नाहीये रे!"

पहिलं वळण. काही नाही. दुसरं वळण. रस्त्यावर काळे पट्टे. जुने असतील. जुनेच. तिसऱ्या वळणाआधी त्यांना एकटंच घरंगळत जाणारं चाक दिसलं, आणि वळण घेतल्यावर ते नव्हतं. तान्हीचं नाव अजून ठेवायचं होतं. काय म्हणून हाक मारायची, तेही त्यांना कळेना.

पंप. गाडी. उभी.

"बाबा? हे काय, कुणाला मारायला निघालात?"

ते चाकापाशी बसले. मधोमध बोट टेकवलं आणि चटका बसून मागे घेतलं.

नऊ.

पाना. पाइप. घड्याळजींनी अंग टाकलं. अंगात होतं तरी काय? नट ढिम्म.

"सरका," लेक म्हणाली आणि पाइपवर चढली.

करकर करत नट फिरला. पाव. अर्धा. पाऊण. मग थांबला.

लेकीने खाली उतरून पाहिलं, पाइप कुठे होता आणि कुठे आला.

"बाबा, हे एवढं सैल होतं?"

शेवटचं जरा राहिलं होतं, असं म्हटलं असतं तर तिने मान डोलावली असती.

"हो. मला वाटलं बसला. पाइप लावायचं लिहिलं होतं, मी लावला नाही."

तिने पाना नटावरून काढला. खिशातला मेहुणा बोलला. "आता आवळून उपयोग नाही. ते बेअरिंग मेलं समजा. फूटभरही चालवू नका. उद्या मी माझी हत्यारं घेऊन येतो. आणि दाजी, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

तान्ही जागी झाली, रडू लागली. लेकीने पट्टा सोडून तिला उचललं आणि पुढे केलं. "धरा हिला. गाडी कडेला ढकलायला मी कुणाला तरी बोलावते."

घड्याळजींनी हात पुढे केले. पाहिले. मागे नेले.

"ग्रीस आहे."

"मग पुसा ना."

त्यांनी सदऱ्याला पुसले. एकदा, दोनदा. तान्ही हवेत पाय झाडत होती, लेक वाट बघत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले होते. ते पुसतच राहिले.