बिघडलेल्या बैठका

दुकानवाल्या बाईंनी जळणाच्या खोक्यात कोपरापर्यंत हात घातला, तेव्हा दोघा भावांतला धाकटा लेथ सोडून पुढे आला. समोर फळीवर त्याने सकाळी कातलेल्या मेणबत्तीच्या बैठका ओळीने मांडल्या होत्या, कड अशी की बोट फिरवलं तर कुठे सुरू झाली ते कळू नये. बाईंनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. खोक्याच्या तळातून त्यांनी एक वेडीवाकडी बैठक काढली, पदराने पुसली आणि उजेडात धरली.

"अशा हव्यात मला," त्या म्हणाल्या. "ह्यांत जीव आहे हो. तुमच्या त्या अगदी कारखान्यातल्या वाटतात."

ती बैठक दादाची होती. दोघा भावांनी याच लेथवर उभा जन्म घालवला होता. पलंगाचे पाय काय, जिन्याचे कठडे काय, लोक लांबून घेऊन जायचे. आता पत्र्याच्या वाटीतली बसकी मेणबत्ती ठेवायला मूठभर लाकडाची बैठक, एवढंच काम उरलं होतं. त्यात दादाच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्याने तो कुणाला सांगितला नाही. चारचौघांत हात खिशात घालायचा, धाकटा जेवायला घरी गेला की गुपचूप लेथ लावायचा आणि बिघडलेला माल आपल्याच हाताने जळणाच्या खोक्यात तळाशी दडपायचा. धाकट्याला सगळं दिसत होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प राहिला होता.

तेव्हा बाईंना नाही म्हणायला हवं होतं. पण गुळगुळीत माल यंत्रावर ढिगाने निघतो, तो तुमच्याकडून कशाला घेऊ, असं त्यांनी तोंडावर विचारलं. धाकट्याने खोकं उपसून दिलं. दादाला सांगितलं, जळण नेलं कुणीतरी.

पुढे एकदा तो बाईंच्या दुकानावरून गेला. काचेमागे मखमलीवर दादाच्या बैठका मांडलेल्या होत्या. एक जोडपं एक बैठक हातात घेऊन तिच्या खाचांवरून अंगठा फिरवत होतं आणि किती छान, किती छान करत होतं. पटाशी जिथे जिथे थरथरून लाकडात घुसली होती, नेमकं तिथेच त्यांचं बोट रेंगाळत होतं. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव. धाकट्याला शिसारी आली. त्या दोघांची आली, बाईंची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची, कारण त्या मालाचे पैसे त्याच्याच खिशात होते आणि त्यांतूनच आणलेल्या साबणाने तो रोज हात धूत होता.

त्यातही बाईंची भूक भागेना. दादाच्या हातून दिवसाकाठी दोन-तीन बैठका बिघडणार, बाईंना हव्या पेटीभर. मग एका दुपारी दादा दवाखान्यात गेल्याचं बघून धाकट्याने दार ओढून घेतलं, लाकडाचा ठोकळा लेथवर चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम वाईट काम करायला घेतलं.

ते त्याला जमेना. हात ऐकेना. पटाशी टेकली की हात आपोआप स्थिर व्हायचा, आणि कड गोल, नितळ, बाईंच्या मते निर्जीव. शेवटी तो थांबला. दादाचा हात कसा हलतो ते डोळ्यांसमोर आणलं. आधी मनगट, मग अंगठा, मध्येच एक झटका. त्याने तसंच केलं. भुसा तोंडावर उडाला, कड चरचर करत फाटली, अगदी हुबेहूब. स्वतःच्या भावाची नक्कल करणाऱ्या त्या हाताकडे त्याला बघवेना. तरी त्याने हात थांबवला नाही.

दार उघडल्याचं लेथच्या घरघरीत त्याला कळलंच नाही. कुणीतरी लेथचा खटका बंद केला तेव्हा त्याने वळून पाहिलं. दादा उभा होता. त्याची नजर बैठकीवर नव्हतीच, धाकट्याच्या मनगटावर होती. तोंडावरचा रंग उडाला होता.

"तुलाही?" दादा म्हणाला.

दादा काय समजला ते धाकट्याला कळलं. खरं सांगायचं म्हटलं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. तू लपवून टाकलेलं मी उकरून विकलं, लोक तुझं दुखणं घरात शोभेला ठेवतात, आणि आता तेवढंही पुरेना म्हणून मी तुझी नक्कल करतोय. हे ऐकून दादा पुन्हा कधी लेथला हात लावणार नाही, एवढं त्याला पक्कं कळत होतं.

"हो दादा," तो म्हणाला. "थोडं थोडं होतंय."

दादा मटकन स्टुलावर बसला. बाबांना होतं, मला झालं, तू तरी सुटशील असं वाटलं होतं, असं काहीसं तो पुटपुटला. उठला तेव्हा वर्षभरात दिसला नव्हता असा दिसला, म्हणजे आधीचा, थोरला. त्याने दोन्ही हातांनी धाकट्याचा हात धरला आणि त्याचं कोपर बरगडीला टेकवलं.

"असं चिकटवून ठेव. श्वास सोडताना पटाशी लाव, घेताना नको. माझं मीच शोधून काढलंय. अजून सगळं जमत नाही, पण बरं पडतं."

त्याने नवा ठोकळा चढवून दिला आणि खटका ओढला. धाकट्याने कोपर बरगडीला लावलं, श्वास सोडला. कड नितळ आली. दादाने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि चक्क हसला. बघ, म्हणाला, मी सांगतो ते ऐक, आपण दोघं मिळून अजून पुष्कळ वर्षं काढू. आता आणखी एक कर.

दुसरीही तशीच निघाली असती तर दादाला खोटं कळलं असतं. धाकट्याने श्वास घेतला, मनगट सैल सोडलं आणि पटाशी लाकडात घुसू दिली. कड फाटली.

"असू दे," दादा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "नवीन आहे तुला. होईल सवय."