पलंगाखालचे टॉवेल

रिहाबला पहिला दात आला त्या आठवड्यात माझ्या बायकोनं, इन्साफनं, लेकीच्या लग्नासाठी पहिला टॉवेल घेतला. महल्ला या गिरण्यांच्या गावच्या कापसाचा, गुलाबी. पुढे दर ईदला एक, आणि इन्साफचं माझ्याशी भांडण झालं की हमखास एक. आमच्या अलेक्झांड्रियात मुलीच्या लग्नाची तयारी टॉवेलांपासून सुरू होते. नवरा मुलगा मागाहून मिळतो. सगळे टॉवेल सेलोफेनमध्ये, वर फीत, आमच्या पलंगाखाली. आम्ही नवराबायकोनं मात्र दोन जुन्या टॉवेलांवर संसार काढला. हिवाळ्यात ते कधी वाळतच नसत. अंग पुसलं की वाटे, आंघोळीआधीच बरे होतो.

रिहाबची होणारी सासू हाज्जा कौसर बोलणी करायला आली, तेव्हा तिनं आमच्याकडे हात धुतले, टॉवेल नाकाशी नेला आणि अतिशय प्रेमानं विचारलं, "तुमचं घर समुद्राच्या फारच जवळ आहे, नाही?"

इन्साफ त्या दिवशी जेवली नाही.

गुरुवारी रुखवत न्यायचं होतं. टेम्पोवर रचून, ढोल वाजवत, मुलाच्या नव्या फ्लॅटवर. तिथं त्यांच्याकडच्या बायका एकेक गाठोडं उघडून बघतात. म्हणून रविवारी आम्ही टॉवेल बाहेर काढले. बाहेर नव्वा सुरू झाला होता. समुद्रावरून येणारं हे वादळ एकदा आलं की चारपाच दिवस मुक्काम ठोकतं, पाहुण्यासारखं. इन्साफनं पहिला सेलोफेन फाडला. मला कसलाच वास आला नाही. इतकी वर्षं त्याच्यावर झोपलेल्या माणसाला कुठला येणार?

रिहाबनं नाक धरलं. "बाबा, हे टॉवेल आहेत की तळघर?"

दुसरा फाडला. तिसरा. सगळे कुबट.

"धुऊन टाकू," रिहाब म्हणाली.

"धुऊन?" इन्साफ किंचाळली. "धुतलेला टॉवेल म्हणजे वापरलेला टॉवेल! हाज्जा कौसर गावभर सांगेल, इन्साफनं लेकीला स्वतःची जुनेरं बांधून दिली."

"आणि असेच दिले तर?"

"तर सांगेल, कुजके दिले."

मी शाळेत इतिहास शिकवतो. दोन्हीकडून पराभव ठरलेल्या लढाया मला ओळखता येतात. अशा वेळी शहाणा सेनापती गप्प बसतो. इन्साफनं खालच्या मजल्यावरच्या उम्म शादीला बोलावलं.

"धुवायचे नाहीत ना? मग धूप घाला," उम्म शादी म्हणाली. "वर घड्यांत कॉफीच्या बिया ठेवा. वास पळतो की नाही बघा."

वास पळाला नाही. त्यानं पाहुण्यांना जागा करून दिली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत आमच्या टॉवेलांना कॉफीच्या दुकानात कुणीतरी वारल्यासारखा वास येऊ लागला.

इन्साफ त्या ढिगावरच बसली. रडली वगैरे नाही. रडायलाही थोडा दम लागतो. "अबू रिहाब," ती मला म्हणाली, "एकदा तरी अंगाला लावला का मी यातला एक?"

मी उठून पाणी तापत ठेवलं.

रिहाबनं स्वयंपाकघरातून लोणच्यासाठी आणलेलं व्हिनेगर आणलं. आधी कढत पाणी आणि व्हिनेगर, साबण नाही. मग खायच्या सोड्याचं पाणी. उम्म शादी मदतीला म्हणून कपडे मऊ करायची सुगंधी बाटली घेऊन आली, ती रिहाबनं वाटेतच काढून घेतली. "काकू, याचा थर धाग्यावर बसतो, मग वास आतच कोंडतो."

"आमच्या वेळी वास कोंडत नव्हते," उम्म शादी म्हणाली.

"तुमच्या वेळी बायकाच आतल्या खोलीत कोंडलेल्या असायच्या," रिहाब म्हणाली आणि पिळायला बसली.

धुण्याआधी इन्साफनं प्रत्येक टॉवेलाचं कंपनीचं लेबल ब्लेडनं उसवून बशीत काढून ठेवलं होतं. बुधवारी दुपारी वादळानं उसंत घेतली आणि ऊन पडलं. आम्ही टॉवेल झटकून झटकून गच्चीवर पसरले, डिश अँटेना आणि उम्म शादीच्या कबुतरांचं खुराडं यांच्या मधल्या जागेत. कबुतरं हाकायला मी. शाळेत मी रजेचं कारण 'घरगुती' लिहिलं होतं. एका पदवीधराला काठी घेऊन उभं राहायला तेवढं पुरे होतं.

कोरडे ठणठणीत झाल्यावर इन्साफनं चष्मा लावून लेबलं जुन्याच भोकांतून परत शिवली. नवा सेलोफेन, नवी फीत. अशी सफाईदार बनवेगिरी मी इतिहासातही फार वाचलेली नाही.

गुरुवारी फ्लॅटवर हाज्जा कौसरनं पहिलीच फीत सोडली आणि गुलाबी टॉवेलात नाक खुपसलं. ढोल थांबला.

"कसलाच वास नाही," हाज्जा म्हणाली. "नव्याला नव्याचा वास असतो."

"स्वस्त मालाला असतो, हाज्जा," इन्साफ म्हणाली. आवाज तिचा नव्हता, पण शब्द तिचेच होते.

हाज्जानं लेबल अंगठ्यानं चाचपलं. शिवणीवरून नख फिरवलं. मग टॉवेल घडी करून ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माशाल्ला. माल चांगला आहे." एकीनं टाळी पिटली, दुसरीनं आनंदाची आरोळी दिली, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

मी पातेल्यांचं खोकं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. ते कुठं ठेवायचं हे मला कुणी सांगत नव्हतं. हाज्जा कौसर इन्साफला कोपऱ्यात घेऊन गेली.

"व्हिनेगर किती घातलंस?"

इन्साफ सुटलेली फीत बोटाला गुंडाळू लागली.

"सांग गं. माझ्या धाकटीचे पलंगाखाली आहेत. मार्चमध्ये लग्न आहे."

"बादलीला दोन पेले," इन्साफ म्हणाली. "आणि लेबलं आधी उसवून घ्या."

लग्न झालं. पलंगाखालची जागा रिकामी झाली, आणि तिथं माझी पुस्तकांची खोकी ठेवायची असं मी मनाशी ठरवलं. महिन्याभरानं रिहाबकडे जेवायला गेलो. हात धुतले, खुंटीवर जावयाचा जुना, ओला टॉवेल होता. वास ओळखीचा वाटला.

"अगं, ते आपले टॉवेल कुठं गेले?"

"कपाटात, बाबा. कुलपात. ते पाहुण्यांसाठी आहेत."

"आणि आम्ही?"

"तुम्ही का पाहुणे आहात?"

इन्साफनं कौतुकानं लेकीकडे पाहिलं. परतताना ती ट्रॅममधून एक थांबा आधीच उतरली आणि एका दुकानात शिरली. बाहेर आली तेव्हा हातात सेलोफेन होता. आत पिवळा टॉवेल.

"हा कुणासाठी?"

"रिहाबच्या मुलीसाठी."

"रिहाबला मुलगी नाही."

"दिवस जायला काय वेळ लागतो," इन्साफ म्हणाली.

पुस्तकांची खोकी सध्या बाल्कनीत आहेत. त्यांना थोडा वास येतो म्हणतात. मला येत नाही.