चुन्याखालच्या तारखा

बिल्डरच्या नकाशात आमची वाट नव्हती. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला बंद कारखान्याची लांबलचक भिंत आणि मधून चालणारी माणसं नि सायकली. नकाशात तिथे लिहिलं होतं, ‘पडीक पट्टा, वापर नाही’. त्यावर नव्या इमारतींचं पार्किंग येणार. मी नर्स. नऊ वर्षं ह्याच वाटेनं सायकल मारत ड्यूटीला जाते. म्हणजे नऊ वर्षं मी हवेतून गेले.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. मोठ्या रस्त्यावर ट्रक. तिथे धडधाकट माणूस जीव मुठीत धरून चालतो, बाबा कुठे चालणार? म्हणून ही वाट. बाबा जन्मभर पाट्या रंगवणारे पेंटर. ज्या दिवशी पाय नव्या जागी पोचे, त्या दिवशी तिथे भिंतीवर डाव्या हातानं ऑइलपेंटनं तारीख घालत. पहिली तारीख वाटेच्या तोंडाशी, कारखान्याच्या फाटकापासून अकरा पावलांवर. शेवटची दुसऱ्या टोकाला, कालव्याच्या पुलापाशी, दीड वर्षानंतरची. लोक त्यांना ‘कॅलेंडर’ म्हणत.

आम्ही हरकत घेतली. नगरपालिकेचा अधिकारी पाहणीला येणार ठरलं. बिल्डरनं आधीच पंधरा दिवस ‘काम चालू’ म्हणून दोन्ही तोंडांना पत्रे ठोकले होते. मग माणसं दिसणार कुठून? पाहणीच्या सकाळी अधिकारी, बिल्डरचा मॅनेजर, बाबा नि मी एक पत्रा बाजूला सारून आत गेलो, तर भिंत पांढरीफटक. चुना मारलेला.

“स्वच्छता केली, काका,” मॅनेजर बाबांना म्हणाला. “तुमच्यासाठीच.”

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. बाबांनी माझा हात दाबला. भिंतीवर बोट फिरवलं आणि अर्ध्या तोंडानं हसले.

“पेंटर लावला होता का?”

“मजूर होते.”

“तरीच. अहो, ऑइलपेंटवर चुना धरत नाही. हे पहिल्या दिवशी शिकवतात. पोरी, रुमाल भिजव.”

मी कालव्यात रुमाल बुडवला नि भिंत घासली. चुना पापुद्र्यासारखा सुटला. खाली निळी तारीख, सात वर्षांपूर्वीची, वेडीवाकडी.

मॅनेजर म्हणाला, “एका तारखेनं वाट होत नाही.”

“बरोबर,” अधिकारी म्हणाला. “पूर्ण लांबी वापरात होती असं दिसलं पाहिजे.”

“मग चला,” बाबा म्हणाले.

तापातून उठल्यापासून सहा महिने बाबा अर्ध्यापुढे गेले नव्हते. पण निघाले. काठी, पाय, ओढलेला पाय. जागा त्यांना पाठ होत्या. ते काठीनं दाखवत, मी घासत होते. अधिकारी मागे, त्यांच्याच चालीनं. आधी तो घड्याळ बघत होता, मग बघेनासा झाला. अर्ध्यावर बाबा भिंतीला टेकले. श्वास लागला होता.

“काका दमले,” मॅनेजर कळवळून म्हणाला. “मी बाइकवरून पुलापर्यंत सोडतो. रोज माझी माणसं जातात इथून.”

“कुठून?” बाबांनी विचारलं. “इथे तर वाटच नाही ना?”

अधिकाऱ्यानं वहीतून मान वर केली आणि मॅनेजरचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मॅनेजरचा चेहरा त्याच्याच चुन्यासारखा झाला.

पुढचं अर्धं अंतर बाबा कसे चालले ते मला माहीत आहे, कारण त्यांचं निम्मं वजन माझ्या खांद्यावर होतं. पुलापाशी शेवटची तारीख त्यांनी स्वतः घासली.

अधिकाऱ्यानं लिहिलं, ‘वाट वापरात आहे’, आणि मॅनेजरची सही घेतली. “निकाल मात्र वरचे देतील,” तो मला म्हणाला.

“त्यांनाही असंच चालवत आणा,” बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “ब्रश आणलायस? आजची तारीख राहिली.”

ब्रश कुठला? अधिकाऱ्यानं खिशातला मोजणीचा लाल खडू पुढे केला.

“खडू उद्या पुसला जाईल,” बाबा म्हणाले.

“मग उद्या येऊन रंगानं घाला.”

“येतो की. आधी ते पत्रे काढायला लावा.”