बेडकांची आयुधपूजा

"अज्जी, थांब! तिथं नको!"

सिंचनानं झेप घेऊन अज्जीचा अंगठा हवेतच पकडला. अंगठ्याला ओलं गंध होतं, गंधावर कुंकू होतं, आणि खाली टेबलावर एक उघडीवाघडी हार्ड डिस्क दम्याच्या पेशंटासारखी घरघरत होती.

"अगं, पकडींना लावलं, स्क्रूड्रायव्हरांना लावलं. हिनंच काय घोडं मारलंय?"

"ते बारीक भोक दिसतंय ना? त्यातनं ती श्वास घेते. ते बुजलं की खेळ खलास!"

अज्जीनं चष्मा सरसावून नीट पाहिलं. "नाक आहे म्हणायचं," ती पुटपुटली आणि तिनं तो अंगठा शेजारच्या यूपीएसच्या डोक्यावर टेकवला.

एस. पी. रोडच्या त्या कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्तीच्या बोळात आज आयुधपूजा, म्हणून कुणाच्याही हातात काम नव्हतं. दुकानं धुऊन झाली होती, शटरांना केळीचे खुंट बांधले होते, आणि रस्त्यावर फोडायचे कोहळे जागोजागी पोटं पुढे काढून बसले होते. सिंचनाचे अप्पा स्टुलावर चढून आंब्याची डहाळी बांधत होते. आत फळीवर सगळी हत्यारं अंघोळ घातलेल्या पोरांसारखी ओळीनं बसवली होती. बसली नव्हती ती एकटी हार्ड डिस्क. ती कालपासून राबत होती, आणि सिंचनाचा जीव तिच्यात अडकला होता.

डिस्क चिन्मयीअक्काची. ही बाई पावसाळ्यात आगुंब्याच्या जंगलात रात्र रात्र चिखलात बसून बेडकांचे आवाज टिपायची. तीन पावसाळ्यांचे बेडूक त्या एका डिस्कवर होते, आणि त्यातला एक असा, की त्याचा आवाज याआधी कुणीच टिपला नव्हता. दुसरी प्रत? "करायचीच होती," असं ती म्हणाली, जसं सगळेच म्हणतात. मग एक दिवस पिशवी बसच्या पायरीवरून खाली आली.

अप्पांनी डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीमुळे दुकानात येऊन बसलेली सिंचना म्हणाली, "मी करते." दहावीतली पोरगी! पण अप्पा हसले नाहीत. खुर्ची सरकवून म्हणाले, "बस."

तिनं डिस्कशी बेतानं घेतलं होतं. जो भाग मुकाट्यानं वाचू देईल तो आधी उतरवून घ्यायचा, जो रुसेल त्याला सोडून पुढे जायचं, आणि रुसव्याफुगव्यांची मनधरणी शेवटी. सोपे भाग संपले होते. आता रुसलेले उरले होते, आणि तो नवा बेडूक नेमका त्यांच्यातच दडी मारून बसला होता. डिस्क एकदा बंद पडली की पुन्हा फिरेल याची खात्री कुणीच देत नव्हतं.

आणि दुकानाचा नियम असा, की पूजा झाली की अज्जी स्वतःच्या हातानं मेन स्विच पाडणार. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच वर. अज्जा इथं रेडिओ दुरुस्त करायचे तेव्हापासूनचा नियम.

"अप्पा, तुम्ही सांगा ना तिला."

"मी?" अप्पा स्टुलावरूनच म्हणाले. "जन्मल्यापासून मी तिला काही सांगितलंय का?"

सिंचना अज्जीकडे वळली. "अज्जी, फक्त आजच्यापुरता चालू ठेवू या ना."

"वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस निजू देत."

"पण ही निजली तर उठणारच नाही!"

"बेडूकच ना? पुढच्या पावसात परत ओरडतील."

"तोच नाही ओरडणार! तो एकाच रात्री भेटला होता अक्काला."

अज्जीनं हातातलं फूल फिरवलं. "कसा ओरडतो गं?"

"वाचला तर कळेल ना!"

"हं." अज्जीनं कमरेची पिशवी काढली. "जा, शेवंती कमी पडतेय. दोन हात माळ आण. आणि तोंड सरळ करून ये, सणाचा दिवस आहे."

सिंचना पाय आपटत गेली. माळ घेऊन परतली तेव्हा अज्जी कपाटामागून पदर झटकत बाहेर येत होती. उदबत्त्या लागल्या, नारळ फुटला, आरती झाली. सिंचना देवाकडे न बघता यूपीएसकडे बघत होती. तो वीज गेल्यावर मशीन जेमतेम दहा मिनिटं तगवायचा, आणि तेवढा वेळ मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखा ओरडायचा.

अज्जीनं डोळे मिटले, हात वर नेला. खट्!

दिवा गेला. पंखा फिरत फिरत मंदावला आणि थांबला. दुकान एकदम शांत झालं. त्या शांततेत डिस्क घरघरत होती. सिंचनानं खांदे आवळून ओरड्याची वाट पाहिली.

ओरडा आलाच नाही. मॉनिटरच्या पडद्यावरचा, उतरलेल्या भागांचा आकडा एकानं पुढे सरकला.

ती हळूच वाकली. यूपीएसची वायर भिंतीतल्या आपल्या प्लगला नव्हतीच. ती कपाटामागे एका परक्या एक्स्टेंशनच्या वायरीला जोडली होती, आणि ती वायर तिथून लाकडी पार्टिशनच्या फटीतून पलीकडे गेली होती, शेजारच्या नूरुल्लाचाचांच्या मोबाइलच्या दुकानात.

सिंचनानं कडलेपुरीचा, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांचा पुडा उचलला. "प्रसाद देऊन येते," म्हणत ती बाहेर सटकली.

चाचा गालाचा फुगा करून काहीतरी चघळत होते. त्यांच्या विजेच्या बोर्डावर ओल्या गंधकुंकवाचा ताजा टिळा होता आणि फटीत एक शेवंती खोचलेली.

"मला काही विचारू नकोस बेटी. तुझ्या अज्जीनं तोंड बंद ठेवायला सांगितलंय, आणि वर म्हैसूरपाक कोंबलाय."

"पण चालू मशीनचा प्लग बदलला कुणी? तुम्ही?"

"मी हात पुढे केला तर म्हणते, सरक, रेडिओवाल्याची बायको आहे मी!"

सिंचना परतली तेव्हा अज्जी उंबऱ्यावर बसून चुरमुऱ्यांतले फुटाणे वेचून खात होती.

"सगळं बंद आहे ना गं?"

"आपलं सगळं बंद आहे, अज्जी."

"मग झालं."

सकाळी मेन वर गेला तेव्हा आकडा पुरा झाला होता. सिंचनानं डिस्क थांबवली. ती टक् करून गप्प झाली ती कायमचीच. पुन्हा फिरवून पाहिली तर हूं की चूं नाही. पण आता तिचं काम उरलं नव्हतं. चिन्मयीअक्का धापा टाकत आली आणि सिंचनानं फाइल उघडली.

आधी पाऊस. मग टक्, टक्टक्, आणि शेवटी सुरू व्हायला नकार देणाऱ्या जुन्या लूनासारखं र्रर्र.

चिन्मयीअक्कानं दोन्ही हात तोंडावर घेतले. डोळे डबडबले, आणि दुसऱ्या क्षणी ती सिंचनाला कवटाळून उड्या मारायला लागली.

"एवढंसंच?" अज्जी म्हणाली. "ह्याच्यासाठी मी काल..." आणि तिनं चटकन ओठ मिटले.

अप्पा पुढे झाले. कपाटामागे वाकून त्यांनी ती एक्स्टेंशनची वायर ओढून घेतली, कोपराभोवती नीट गुंडाळली आणि सिंचनाच्या हातात दिली.

"नूरभाईला देऊन ये. म्हणावं, पुढच्या वर्षी जरा लांबशी द्या. काल फार ताणली गेली होती."