जनाबाईची जागा

नंदनवन वस्तीच्या मागे जुन्या रेल्वेलाइनचा एक थांबा आहे. गाडी बंद झाली तेव्हापासून त्या फलाटावर फक्त शेळ्या असतात. गाडी परत सुरू व्हावी म्हणून जनाबाई घरोघर फिरली, बायका जमवल्या, रेल्वेच्या कचेरीत जाऊन बसली. मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मग तिचा नवरा नत्थूजी फिरू लागला. तिच्यासारखं बोलणं त्याला जमत नसे. दारात उभा राहून तो एवढंच म्हणे, "गाडीसाठी आलो." लोक त्याला आत बोलावून चहा देत.

आता रेल्वेचे साहेब पाहणीला येणार होते. प्रवासी दिसले नाहीत तर रूळ उखडून रस्ता होणार होता. आणि दिवस नेमका सोमवार, कामाचा.

त्या सोमवारी सकाळीच प्रणाली आली. ती उमरेड रोडवरच्या एका दुकानात कामाला होती.

"काकाजी, मले थांबता नाही येत. पन जागा धरून जातो." तिनं ओढणी फलाटावर पसरली आणि वर दगड ठेवला.

खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना हे सांगावं लागलं नाही. कामावर जाता जाता जो तो काही ना काही टाकून गेला. दुपट्टे, टॉवेल, कोणाची उशीची खोळ. बायकांचा डबा जिथे लागायचा तिथे नत्थूजीनं जनाबाईचं हिरवं लुगडं ठेवलं. ते त्यानं स्वतः मागावर विणलं होतं.

साहेब आले. फलाटावर माणसं मोजकीच, कापडं मात्र पार टोकापर्यंत.

"हे काय वाळत घातलंय?"

"लोकं हायेत, साहेब. कामावर गेले," नत्थूजी म्हणाला.

साहेब हसले. तेवढ्यात मागे दोन बायकांचा आवाज चढला.

"माही चादर काहून सरकवली वं, मीराबाई?"

"चादर हाय का सतरंजी, प्रेमलता? अर्धा डबा अडवून राहिली! दोन जागा कोनासाठी?"

"माह्या टोंगळ्यासाठी! पाय लांब करा लागते."

"मंग मालगाडीनं जाय!"

साहेब मध्ये पडले. "अहो बाई, पण गाडी कुठे आहे?"

दोघी एकदम त्यांच्याकडे वळल्या. "तुमी आना ना!"

साहेब पुन्हा हसले नाहीत. एकाही कापडावर बूट पडू न देता ते कडेकडेनं टोकापर्यंत गेले आणि लुगड्यापाशी थांबले.

"ही जागा कोणाची?"

"माह्या बायकोची. ती गेली." नत्थूजी ताठ उभा राहिला. "गाडी पायजे म्हनून पयले तिनंच म्हटलं, साहेब. हे सारे तिच्या मागून आले."

साहेबांनी फलाटावर पुन्हा एकदा नजर टाकली. "रूळ उखडू नयेत, असंच लिहितो मी. गाडीचंही वर कळवतो."

संध्याकाळी लोक आपापली कापडं न्यायला आले. फलाट रिकामा झाला. लुगडं तेवढं राहिलं.

"काकाजी, उचला ना," प्रणाली म्हणाली. "शेळ्या खातीन."

"उचलतो वं." नत्थूजी शेळ्या हाकलत तिथेच उभा होता. "कामाची शेवटची पाळी सुटू दे, लोकं इकडूनच घरी जातेत. त्याइलेबी तिची जागा पाहू दे."