मधल्या मापाचा शर्ट

मी शर्ट बोलतोय. पोपटी कापडावर केशरी जास्वंदी, अर्ध्या बाह्या, छातीवर एक खिसा. हसा, खुशाल हसा. मला बघून हसले नाहीत असे दोनच लोक मी आयुष्यात पाहिले आणि मी त्या दोघांचाच होतो. हे बोलणं कुवेतच्या खैतान भागातल्या एका दोन खाटांच्या खोलीतून चाललंय. सध्या मी खुर्चीच्या पाठीवर आहे आणि माझा मालक बॅग भरतोय.

राहतो कुवेतला, पण जन्मानं मी पटायाचा. पटाया म्हणजे थायलंडातलं समुद्रकाठचं गाव. तिथे सत्त्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये एका म्हाताऱ्या पंजाबी शिंप्यानं मला शिवलं. त्या गावात वर्षाचे दोनच भाग असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सीझन, आणि पावसाचे महिने म्हणजे मंदी. सीझनमध्ये गोऱ्या पाहुण्यांची अशी झुंबड उडते की शिंपी सकाळी माप घेऊन संध्याकाळी शर्ट हातात देतो. असल्या शर्टांची बटणं विमानातच तुटतात. मी मंदीत जन्मलो. शिंप्याला वेळच वेळ होता, म्हणून माझी प्रत्येक शिवण दुहेरी आहे. उगाच फुशारकी मारत नाही, काख उसवून बघा.

त्या दिवशी दोघं पावसात भिजत दुकानात शिरले. एक उंच, काटकुळा. हा दिनकर, कराडकडचा. कुवेतच्या सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायचा. दुसरा बुटका, गोल, बोलका. हा झहूर, गुहागरकडचा. कुवेतच्याच मिरकाब भागातल्या दुकानात घड्याळं विकायचा. दोघांना एकच कापड आवडलं, आणि कापड उरलं होतं एका शर्टापुरतं. नवा माल नोव्हेंबरात.

"तूच शिव," दिनकर म्हणाला.

"मना काय करायचाय? तुलाच शोभंल," झहूर म्हणाला.

अर्धा तास ही लखनवी 'पहले आप' चालली. शेवटी शिंप्यानं दोघांची मापं घेतली, डोकं खाजवलं आणि बरोबर मधलं माप कापलं. त्यामुळे मी दिनकरच्या अंगावर हँगरवर टांगल्यासारखा लोंबतो आणि झहूरच्या पोटावर माझी बटणं श्वास रोखून राहतात. कुणालाच नीट न बसणारा शर्ट म्हणून मी दोघांचा झालो. एक वर्ष हा घालायचा, एक वर्ष तो.

आता आडपडदा कशाला ठेवू? दिनकर आणि झहूर यांचं एकमेकांवर प्रेम होतं. नवरा-बायकोचं असतं तसं, किंबहुना बऱ्याच नवरा-बायकोंचं नसतं तसं. कुवेतमध्ये ते रूममेट होते. कराडला आणि गुहागरला ते 'अजून लग्नाचं मनावर न घेतलेले' होते. पटायात मात्र एक गल्ली होती. तिथल्या बारांत पुरुष पुरुषांबरोबर नाचायचे, एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून बसायचे आणि कुणी वळून बघायचं नाही. वर्षातले आठ दिवस माझे दोघं त्या गल्लीत राहायला जायचे. घरी सांगायचे, सुट्टी आठवडाभर उशिरा मिळाली.

कुवेतमध्ये उन्हाळा तापला की निम्मा गाव सुट्टीवर जातो. म्हणून यांची रजा नेमकी तिकडच्या मंदीत यायची. गल्लीच्या टोकाला एक छोटा बार होता, वर भाड्याच्या दोन खोल्या. पावसाळ्यात निम्म्या खुर्च्या उलट्या टेबलांवर चढवलेल्या असायच्या. नाचणारी पोरं पत्ते कुटत बसायची. मालक स्वतः अंडी तळून आणायचा आणि गाणारा फक्त आमच्या टेबलासाठी गायचा. दिनकरला नाचता येत नसे. तो झहूरच्या पायांवर पाय देत जागच्या जागी हलायचा आणि मी दोघांच्या मध्ये चुरगळून जायचो. इस्त्री मोडल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकदाच, अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात, ते हौसेनं भर सीझनमध्ये गेले. काय ते दिवे, काय ती गर्दी! बसायला जागा नाही. मालकाला मान वर करायला फुरसत नाही, त्यानं ओळखलंसुद्धा नाही. कुणीतरी माझ्यावर लाल सरबत सांडलं. तिसऱ्या दिवशी झहूर म्हणाला, "चल बाबा, ही लोकांची जत्रा. आपली मंदीच बरी." तेव्हापासून ते मंदी सोडून कधी गेले नाहीत.

बाकीचं वर्षभर मी खैतानच्या खोलीत, कपाटात, रजईच्या खाली. एका शुक्रवारी प्रभाताई आल्या. त्या दिनकरच्या इस्पितळातल्या सिस्टर, सोलापूरच्या, मायाळू आणि तोंडाळ. त्यांच्या डोक्यात एकच विषय, दिनकरचं लग्न. आपल्या मावसबहिणीचं, रत्नमालाचं, स्थळ त्यांनी मनात पक्कं केलेलं. रजई घ्यायला कपाट उघडलं आणि मी त्यांच्या पायांवर पडलो.

"अगंबाई! हे कुणाचं सोंग?"

"झहूरचं," दिनकर म्हणाला. "दिनकरचं," झहूर म्हणाला. दोघं एका दमात. प्रभाताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि रजई घेऊन गेल्या. मला मात्र थोडं लागलं. दोघांच्या घरचा पाहुणा असलो तरी उपाशीच की!

या दोघांचा एक नियम होता. एकमेकांचा गावचा पत्ता घ्यायचा नाही. दिनकरकडे आलेलं पत्र वडील फोडायचे आणि झहूरकडे आलेलं अख्ख्या मोहल्ल्यात वाचलं जायचं. शब्द इकडचा तिकडे झाला तर दोन घरांत आग लागेल. आणि रोज एका ताटात जेवणाऱ्यांना पत्ता हवाय कशाला? शहाणपणाचा नियम म्हणून ते तो पाळत. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

नव्वद साल आलं. दिनकरला जुलैअखेर रजा मिळाली, तो पटायाला पुढे निघाला. झहूरच्या दुकानातला दुसरा माणूस एक ऑगस्टला परतणार होता. मग गुरुवारी, दोन तारखेला, सकाळी दुकानाच्या तिजोरीतून पासपोर्ट घ्यायचा आणि शनिवारी झहूरनंही विमान धरायचं.

"शर्ट तूच घेऊन ये. यंदा तुझी पाळी," दिनकर निघताना म्हणाला. झहूरनं मला बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं.

गुरुवारी पहाटे रस्त्यावरून रणगाडे गेले. इराकचं सैन्य शहरात शिरलं होतं. विमानतळ बंद, फोन बंद, दुकानाचं शटर फोडलेलं, तिजोरी कुणी नेली कुणास ठाऊक. झहूर परत आला आणि बॅगेशेजारी जमिनीवर बसला. ओळखीचे लोक बस करून बसऱ्याकडे, तिथून बगदाद आणि अम्मानकडे निघत होते. तिथून आपल्या सरकारची विमानं मुंबईला जात होती. प्रत्येक जण त्याला म्हणे, चल. तो म्हणे, उद्या. त्याला वाटायचं, दिनकर काही करून याच खोलीवर फोन करील, इथेच निरोप पाठवील. मुक्या फोनसमोर सहा आठवडे बसलेला माणूस मी पाहिलाय. देव करो आणि तुमच्यावर ते बघायची वेळ न येवो.

सप्टेंबरच्या मध्यावर बकाल्यातली, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली, खुबूस रोटी संपली, पिठाची पोती संपली. बसमध्ये एकच पिशवी न्यायची होती. त्यानं मला बाहेर काढलं, उलटं केलं, मांडीवर पसरलं आणि बॉलपेननं माझ्या पाठीच्या आतल्या बाजूला लिहायला बसला. नाव, मोहल्ला, गाव, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी. खाली एक ओळ: 'हा पत्ता आधीच द्यायला हवा होता. ये.'

"आता गाव वाचंल तर वाचू दे," तो स्वतःशीच म्हणाला.

मग त्यानं खोलीची किल्ली प्रभाताईंना दिली. त्या इस्पितळ सोडून जाणार नव्हत्या. "कपाटातला तो फुलांचा शर्ट दिनकर आला की त्यालाच द्या. आणि धुऊ नका," एवढंच तो म्हणाला. पत्त्याचं बोलला नाही. इतक्या वर्षांची गप्प राहायची सवय, शेवटच्या घडीला तरी कशी सुटणार?

मी दहा महिने त्या रिकाम्या खोलीत होतो. सैनिकांनी दार फोडलं, टेपरेकॉर्डर नेला, गाद्या नेल्या. माझ्याकडे बघून एक जण हसला आणि मला खाली टाकून गेला. पुढे कुवेत सुटलं, पण तेलाच्या विहिरी पेटल्या. तडकलेल्या खिडकीतून काजळी यायची आणि माझ्या जास्वंदी काळ्या पडत चालल्या. पाठीवरची अक्षरं मात्र मी पोटाशी धरून होतो.

आणि दिनकर? ते पुढे त्यानं प्रभाताईंना सांगितलं, तेव्हा मला कळलं. तो पटायाला पोचला तर आमच्या बारचं शटर बंद. पाठोपाठच्या दोन मंद्यांत मालकाचं दिवाळं वाजलं होतं आणि तो कुठे गेला कुणाला माहीत नव्हतं. लहान बार असेच मंदीत मरतात. दिनकर त्याच पायरीवर पंधरा दिवस बसला, मग घरी परतला. सप्टेंबरभर तो मुंबईच्या विमानतळाबाहेर अम्मानहून येणाऱ्या माणसांची तोंडं बघत उभा राहिला. पण कधी दिवसाला चार-चार विमानं यायची, आणि झहूर कुठल्या तरी विमानातून येऊन निघून गेला. दिनकर गुहागरलाही गेला. दोन मोहल्ल्यांत विचारलं. झहूरचं आडनाव परकार, आणि तिथे परकारांची घरं पन्नास, झहूर सात. एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "तुमी कोन त्याचं?" दिनकर मागे वळला. तो तसाच एसटीत बसून परत आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं. पत्ता इथे माझ्या पाठीवर, आणि मला तोंड नाही.

एक्क्याण्णवच्या जुलैत इस्पितळानं जुन्या लोकांना परत बोलावलं. दिनकर येतोय म्हटल्यावर प्रभाताई खोली झाडायला आल्या. मला उचललं आणि नाक मुरडलं.

"धुऊ नका म्हणे! असली काजळी घेऊन देऊ होय त्याला?"

तीस वर्षांच्या नोकरीची सिस्टर ती. घाण दिसली की हात थांबायचे नाहीत. बादली भरली, साबणाची पूड टाकली, मला बुडवलं. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. माझी शाई पाण्यात उतरायला लागली, निळा धूर निघावा तशी. मी ओरडत होतो हो! पण कपड्याचं ओरडणं कोण ऐकणार?

कॉलर आतून घासायची म्हणून त्यांनी मला उलटं केलं. हात थांबला.

त्या बाथरूममधल्या स्टुलावर बसल्या. ओल्या कापडावरची फिसकटलेली अक्षरं एकेक करून वाचली. शेवटची ओळ दोनदा वाचली. मग धावत जाऊन इस्पितळाच्या एका चिठ्ठीवर पत्ता उतरवून काढला. पिनकोड गेला होता, गाव राहिलं होतं. नंतर त्यांनी मला हळूच पिळून दोरीवर टाकलं.

दिनकर आला तेव्हा त्यांनी मला उलटीकडून इस्त्री करून त्याच्या हातात दिलं. वर ती चिठ्ठी.

"आधी हे वाच. आणि रत्नमालाकडे मी कळवलंय, दुसरीकडे बघा म्हणून. तू आता तिकडची काळजी करू नको."

"ताई..."

"गप. चहा टाकते." आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत बसल्या. साखर टाकायची राहून गेली.

दिनकरनं त्याच दिवशी पत्र टाकलं. अख्ख्या मोहल्ल्यात वाचलं जाईल हे ठाऊक असूनही त्यानं शब्द राखून लिहिले नाहीत. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. टपाल अजून रुळावर नव्हतं. पाच दिवसांपूर्वी, ऑक्टोबरच्या चोवीस तारखेला उत्तर आलं. अक्षर झहूरचं नव्हतं. त्याची बहीण निदा हिनं लिहिलं होतं. दिनकरनं ते मोठ्यानं वाचलं, म्हणून मीही ऐकलं.

'दिनकरभाऊ, तुमचं पत्र मी एकटीनंच वाचलं, कुणाला दाखवलं नाही. भाई इथे नाही. वर्षभर तुमच्या पत्राची वाट बघितली. नवा पासपोर्ट आल्याबरोबर सप्टेंबरात थायलंडला गेला. तिथे एक जण आपल्याला शोधत येईल म्हणाला. एकदा शेजारी फोन आला होता. नेहमीची जागा बंद झालीय म्हणे, तरी समोरच्या खानावळीत रोज बसतो. पत्ता सांगितला नाही. नोव्हेंबर लागला की खोल्यांची भाडी वाढतात, तोवर थांबतो आणि मग आशा सोडून परत येतो, असं म्हणाला. त्याचा आवाज चांगला नव्हता. तुम्ही जाल का?'

दिनकर हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. एक इकडे धावला, एक तिकडे धावला, प्रत्येक जण दुसऱ्याच्या जागी जाऊन बसलेला.

इस्पितळात त्याला रजा नाही. परत आलेल्यांना वर्षभर रजा नाहीच, साहेबांनी तोंडावर सांगितलं. प्रभाताई म्हणाल्या, "नोकरी जाईल रे, पुन्हा व्हिसा मिळायचा नाही." दिनकर म्हणाला, "जाऊ दे ताई."

आज एकोणतीस तारीख. उद्या सकाळचं विमान आहे. मंदी संपायला तीन दिवस उरलेत. बाहेर अजून थोडी काजळी उडते, पण माझ्या जास्वंदी निम्म्याशिम्म्या पुन्हा केशरी दिसू लागल्यात. पाठीवरची अक्षरं मात्र आता कुणालाच वाचता यायची नाहीत.

वाचकहो, तुमचंही कुणी असं असेल, ज्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही, तर त्याचा पत्ता आजच मागून घ्या. शर्टावर सोडू नका. सगळेच शर्ट माझ्यासारखे दुहेरी शिवणीचे नसतात.

दिनकरचा राजीनाम्याचा फॉर्म टेबलावर पडलाय. सगळे रकाने भरून झाले होते, 'कारण' तेवढं सकाळपासून कोरं होतं. आत्ता त्यानं पेन उचललं आणि न थांबता, न खोडता लिहिलं: 'घरचं माणूस वाट बघतंय.'

येतो आम्ही.