नातीचे केस

खालच्या गाळ्यात काळ्या, आफ्रिकी वंशाच्या बाईचं केसांचं पार्लर आलं नाही, तर आपल्या घराचा भाव टिकेल, एवढाच आजीचा फायदा होता. शेजाऱ्यांना गोळा करून तिने ते येऊ दिलं नाही. बाईने शहराच्या दुसऱ्या टोकाला दुकान थाटलं.

पुढे मुलाने काळीच सून आणली आणि नात झाली दाट कुरळ्या केसांची. सून पहाटेच कामाला जाई. आजीने कंगवा लावला की पोर घर डोक्यावर घेई. शेवटी आजी नातीला घेऊन त्याच बाईकडे गेली.

"आधी ओले करा, आजी, मग टोकाकडून सोडवा. गवत आहे का उपटायला?"

नात खुदकन हसली.

"तुम्ही आमच्या खालीच असता तर..." आजी पुटपुटली.

"आले होते की!"

आता दर रविवारी दोन बस बदलाव्या लागतात. आजीचे गुडघे कुरकुरतात, नात मांडीवर पेंगते. शेजाऱ्यांचं मात्र काहीच गेलं नाही.